ताम्रपटातले गाव, खाणीतला डोंगर

माहूरला तांबूल प्रसिद्ध आहे, तांबे नाही. हे वाक्य आम्ही एम.ए. प्रथम वर्षाच्या वर्गात व्युत्पत्तीच्या तासाला गेली कित्येक वर्षे उच्चारत आलो आहोत. रेणुकामातेच्या गडावर कुटलेल्या विड्याचा प्रसाद मिळतो, त्याने ओठ रंगतात, आणि त्या रंगावरून आमचे विद्यार्थी 'तांबूल' हा शब्द 'तांबडा' या शब्दाच्या घरात नेऊन बसवतात. मग फळ्यावर दोन रकाने आखून समजावून द्यावे लागते, की तांबे, तांब्या, तांबट, तांबडा, तांबूस आणि पूजेतले ताम्हण ही सारी 'ताम्र' या एकाच शब्दाची लेकरे. तांबूल मात्र वेगळ्या कुळीचा, बहुधा आर्येतर भाषांतून संस्कृतात आलेला पाहुणा. विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. पुढच्या वर्षी पुन्हा तोच घोटाळा, पुन्हा तेच दोन रकाने.

आम्ही म्हणजे मराठी विभागातले आम्ही दोघे. दोघांचीही वये चाळिशी ओलांडून गेलेली, दोघांनीही मराठीत एम.ए. केले आणि दोघांनाही भाषेखेरीज दुसरे काही धड येत नाही. भूगर्भशास्त्राशी आमचा संबंध गडाच्या पायऱ्या चढताना लागणाऱ्या काळ्या दगडापुरताच होता. असे असताना आम्ही मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, मैकल डोंगरांच्या कुशीत असलेली मलाजखंडची तांब्याची खाण पाहावयास का गेलो, हे सांगायचे तर एका ताम्रपटापासून आणि आमच्या एका चुकीपासून सुरुवात करावी लागेल.

वाशीम आमच्यापासून फार दूर नाही. तेथे मिळालेला वाकाटक राजा विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट चौथ्या शतकातला मानतात. त्यात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष व्यवहार प्राकृतात. मोठेपणा सांगायला एक भाषा आणि देणेघेणे करायला दुसरी, ही रीत इतकी जुनी आहे हे पाहून भाषेच्या विद्यार्थ्यांना मौज वाटते. त्यात 'नांदिकड' असे जे नाव येते ते आपले नांदेड, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या प्रदेशातले एक गाव राजाने ब्राह्मणांना दान दिले आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत दानाबरोबर सवलतींची यादी येते. राजाच्या सैनिकांनी गावात शिरायचे नाही. अमुक कर घ्यायचे नाहीत. गावातले गुप्त निधी आणि ठेवी दान घेणाऱ्याच्या. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांचे हे सारे लेख संपादित केले आणि १९६३ साली ते एकत्र प्रसिद्ध झाले. आमच्या पिढीने वाकाटक वाचले ते मिराशींच्या बोटाला धरून.

नऊ-दहा वर्षांपूर्वी हा पाठ चालू असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला. विचारणारा मुलगा किनवट तालुक्यातला, गोंड, घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच.

"सर, हे गाव दान दिलं तेव्हा गावातल्या लोकांना विचारलं होतं का?"

वर्ग हसला. आम्हीही थोडे हसलो. ताम्रपटात तशी नोंद नसते, असे उत्तर आम्ही दिले. उत्तर बरोबर होते. त्याने जे विचारले होते त्याचे मात्र ते उत्तर नव्हते, हे तेव्हा लक्षात आले नाही.

पुढच्या वर्षी लघुशोधप्रबंधाचे विषय ठरवताना तो एक कागद घेऊन आला. त्याच्या आजीला दगडांच्या आणि डोंगरांच्या गोष्टी येत होत्या. काही गोंडीत, काही गोंडी आणि मराठी यांच्या सरमिसळीत. त्या गोळा करून त्यांवर लिहावे अशी त्याची इच्छा होती. आम्ही दोघांनीही तो कागद वाचला. विषय चांगला आहे, पण मराठीच्या चौकटीत बसत नाही, असे आम्ही सांगितले. गोंडी ही द्रविड कुळातली भाषा. परीक्षक आक्षेप घेतील. त्यापेक्षा एखाद्या ग्रामीण कथाकाराच्या कथांतील प्रादेशिकता असा विषय घ्यावा. त्याने मान डोलावली. दुसऱ्या सत्रानंतर तो आलाच नाही. मुले गळतात, घरची अडचण असते, मजुरी असते, लग्न असते. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे रेघ ओढली गेली, आणि ती आम्हीच ओढली.

वास्तविक या बाबतीत अज्ञानाची सबब सांगण्याची सोय आम्हांला नव्हती. आमचा माहूर-किनवटचा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबादच्या राजगोंडांत ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ १९४० च्या दशकात येऊन राहिला आणि १९४८ साली त्याने त्यांच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. व्हिएन्नाहून आलेल्या माणसाला जो विषय आयुष्य खर्चण्याजोगा वाटला, तो माहूरच्या मराठी विभागाला पन्नास पानांच्या प्रबंधाजोगाही वाटला नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. कुणाकडून तरी आमचा क्रमांक मिळवला होता. नागपूरला एका कंत्राटदाराकडे तो कामाला लागला होता आणि त्या कामासोबत फिरत फिरत मलाजखंडला पोहोचला होता. जमिनीत भोके पाडून खडकाचे नमुने काढायचे, असे ते काम. किती मीटर खोल गेलो ते वहीत लिहायचे आणि नमुन्यांच्या पेट्यांवर क्रमांक घालायचे, ही त्याची जबाबदारी. "सर, तुम्ही तांब्यावर एवढं शिकवता. एकदा तांबं निघतं कुठून ते बघून जा," असे तो म्हणाला. आम्ही सुट्ट्या टाकल्या.

माहूरहून एस.टी.ने नागपूर, तेथून रेल्वेने गोंदिया, पुढे बालाघाट, आणि बालाघाटहून घाट चढत बैहरमार्गे मलाजखंड असा हा प्रवास. वाटेत झाडे बदलतात. आमच्याकडचे सागवान मागे पडते आणि सालाचे उंच, सरळ, वर्षभर हिरवे रान सुरू होते. कान्हाचे व्याघ्रप्रकल्पाचे जंगल येथून जवळच. बसमध्ये हिंदी, छत्तीसगढी वळणाची हिंदी, गोंडी आणि मधूनच मराठी ऐकू येते. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रांतात बालाघाटही होते. १९५६ साली सीमा बदलल्या, पण बोलणे एकाएकी थांबत नाही.

तो बसस्थानकावर उभा होता. अंगाने भरला होता, कानांवर मफलर होता. "आले का हो खरंच तुम्ही!" असे म्हणून तो पाया पडायला वाकला, आणि आम्ही दोघांनीही त्याला अर्ध्यावरच धरले. त्या क्षणी आम्हांला जी लाज वाटली ती प्रवासाच्या शिणवट्याखाली दडून गेली, हे बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी रीतसर परवानगी घेऊन त्याने आम्हांला खाणीच्या काठावरच्या एका उंचवट्यावर नेले. खाण म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे अंधारा बोगदा येई. येथे समोर होता तो उघडा, अवाढव्य कटोरा. त्याच्या कडा राक्षसी पायऱ्यांनी कापलेल्या. पायऱ्यांवरून नागमोडी उतरत गेलेला रस्ता. आणि तळाशी, इतक्या खोल की तेथला माणूस ओळखू येऊ नये, साचलेले पाणी. कडांच्या खडकावर ठिकठिकाणी हिरवे-निळे ओघळ होते. घरातला तांब्या घासायचा राहिला की त्यावर जो हिरवा थर चढतो, तोच रंग.

"इथं डोंगर होता, सर," तो म्हणाला.

खरोखरच डोंगर होता. भूशास्त्रज्ञ त्याचे वर्णन गारगोटीची धार असे करतात. सुमारे दोन-अडीच किलोमीटर लांब, धनुष्यासारखी वक्र, आसपासच्या सखल ग्रॅनाइटमधून वर उठलेली क्वार्ट्झची ही भिंत पूर्वेकडे तिरकी होत जमिनीत खोल गेलेली आहे. ग्रॅनाइट झिजतो, क्वार्ट्झ सहसा झिजत नाही. म्हणून सभोवतालची जमीन उतरत गेली आणि ही धार उभी राहिली. तांबे आहे ते मुख्यतः तिच्यात आणि तिच्या लगतच्या खडकात. ज्या कठीणपणामुळे डोंगर एवढा काळ टिकला त्याच्यापोटीच तांबे होते, आणि तेच त्याच्या नाहीसे होण्याचे कारण ठरले.

या खडकाचे वय ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. माहूरगड ज्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे तो दख्खनच्या लाव्हाचा; त्याचे वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. आमच्या दृष्टीने 'अनादी' या शब्दाला तेवढे वय पुरेसे होते. मलाजखंडचा ग्रॅनाइट आणि त्यातले तांबे मात्र सुमारे २४९ कोटी वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे आमच्या गडाचा दगड तेथील दगडापुढे सदतीस-अडतीस पटींनी तरुण. हे वय काढण्याची रीतही मोठी रम्य आहे. तांब्याच्या खनिजासोबत तेथे मोलिब्डेनाइट नावाचे एक करडे, शिसपेन्सिलीच्या शिशासारखे चमकणारे खनिज सापडते. त्यात रेनियम या धातूचा अंश असतो आणि तो अतिशय संथ गतीने ऑस्मियममध्ये बदलत राहतो. किती बदलला ते मोजले की खनिज कधी जमले ते कळते. आम्ही व्युत्पत्तीच्या तासाला शब्दांच्या झिजेवरून त्यांचे वय अजमावतो. तो अंदाज असतो. येथे झीज मोजण्याचे घड्याळ खनिजाच्या पोटातच ठेवलेले आहे.

तांबे तेथे आले कसे, यावर मात्र विद्वानांत एकमत नाही. पृथ्वीच्या पोटात ग्रॅनाइटचा रस थंड होत असताना तापलेले, क्षारयुक्त पाणी भेगांतून वर आले आणि त्याने सिलिका व धातूंचे गंधकयुक्त क्षार तेथे सोडले, इथपर्यंत सर्वांना मान्य आहे. पण चिलीसारख्या देशांत ज्या प्रकारचे 'पॉर्फिरी' साठे आहेत त्याच जातीचा हा साठा मानायचा की वेगळा, यावर अनेक दशके निबंध लिहिले गेले आहेत. इतक्या जुन्या काळातले तसे साठे जगात फार थोडे उरले आहेत, म्हणून वादाला एवढी धार. एखाद्या संतकवीच्या काळाविषयी आपल्याकडे जसे दोन पक्ष असतात तसेच हे दोन पक्ष. फरक इतकाच, की त्यांना खाली उतरून पुरावा फोडून आणता येतो.

मुख्य खनिज चाल्कोपायराइट. पितळेसारखे पिवळे दिसते. त्यात तांबे, लोखंड आणि गंधक. पावसाचे पाणी व हवा लागून त्याचा वरचा थर कोट्यवधी वर्षे कुजत गेला आणि त्यातून मॅलाकाइटचा हिरवा व अॅझुराइटचा निळा रंग वर आला. भूशास्त्राचा शोध लागण्यापूर्वी माणसाने तांबे ओळखले ते या रंगावरून. मलाजखंडलाही जुन्या खोदकामाच्या खुणा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या इंग्रजी नोंदींत येथील तांब्याचा उल्लेख येतो. त्या नोंदी करणाऱ्यांना हिरवे दगड कुणी दाखवले असतील, हे नोंदीत नसते. ताम्रपटात नसते तसेच.

या मैकलच्या रानांत दगड वितळवून धातू काढणारी अगारिया नावाची जमात आहे; त्यांचा धातू लोखंड. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याआधी, १९३९ साली, त्यांनी बैगांवर लिहिले होते. नांगर चालवणे म्हणजे धरणीमातेच्या छातीवर ओरखडे काढणे, म्हणून बैगा नांगर धरीत नसत. राखेत बी फेकून पीक घेत. ही गोष्ट आम्ही लोकसाहित्याच्या तासाला अनेकदा सांगितली आहे. ज्या तालुक्यातली ती श्रद्धा, त्याच तालुक्यात हा कटोरा आहे, हे आम्हांला काठावर उभे राहिल्यावर कळले.

आपल्याकडच्या तांब्याची कथा येथे आठवली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझमूर्ती सापडल्या. बैलांचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळ्यांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. प्रवरेकाठच्या जोर्वे येथेही तांब्याच्या कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. महाराष्ट्राच्या बेसाल्टात काम भागेल एवढे तांबे नाही. बेसाल्टची चादर जेथे संपते तेथे, म्हणजे चंद्रपूरकडे ठाणेवासन्याला, तांब्याचे खनिज आहे. आमच्या जिल्ह्यातही देगलूर-बिलोलीकडे चादर विरून जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. दायमाबादचे तांबे कुठून तरी दूरवरून, कुणाच्या तरी डोंगरातून आलेले होते. आपल्या संस्कृतीचा पहिला धातू आपल्या जमिनीतला नव्हे.

स्वतंत्र भारतात तांब्याची गरज वाढली ती विजेच्या तारांसाठी. १९६७ साली हिंदुस्तान कॉपर ही सरकारी कंपनी स्थापन झाली. राजस्थानातील खेत्री तिच्याकडे आली. १९७२ साली घाटशिलाच्या जुन्या ब्रिटिश कंपनीचा कारभार सरकारने घेतला. घाटशिला म्हटले की साहित्याच्या माणसाला तांबे आठवत नाही, बिभूतिभूषण बंद्योपाध्याय आठवतात. १९५० साली त्यांचे निधन तेथे झाले. त्यांच्या 'आरण्यक' या कादंबरीतला निवेदक जमीनदारीचा व्यवस्थापक आहे. रानावर त्याचे प्रेम आहे आणि तेच रान कुळांना वाटून देणे ही त्याची नोकरी आहे. ही कादंबरी आम्ही भारतीय साहित्याच्या तासाला शिकवली, निवेदकाच्या अपराधी भावनेवर परीक्षेत प्रश्नही काढला. तो प्रश्न आमच्यासाठीही आहे, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

मलाजखंडचा सविस्तर शोध भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस घेतला आणि १९८२ साली प्रकल्प सुरू झाला. देशातल्या तांब्याच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा या एका ठिकाणी आहे, असे कंपनी सांगते. रान होते तेथे वसाहत आली, शाळा आली, दवाखाना आला, बाजार आला. उघडी खाण आपल्या अखेरच्या खोलीकडे आली तेव्हा तिच्याखाली भुयारी खाण विकसित करण्याचे काम हाती घेतले गेले. आमच्या विद्यार्थ्याची नोकरी या खोल जाण्यावरच उभी आहे.

खनिजाचे पुढे काय होते, हेही त्यानेच समजावून सांगितले. शिक्षकाची लकब त्याच्यात आमच्यापेक्षा अधिक आहे. येथल्या दगडात तांबे शेकडा एकाच्या आसपास. म्हणजे एक किलो वजनाचा तांब्या हवा असेल तर निदान शंभर किलो दगड फोडावा लागतो. त्यावरचा बिनकामाचा खडक वेगळाच. तो दगड दळून पिठासारखा करतात, पाण्यात कालवतात, त्यात चुना व काही रसायने घालून खालून हवा सोडतात. तांब्याच्या कणांना पाणी नकोसे होते. ते बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि बाकीचा दगड खाली राहतो. फेस काढून वाळवला की त्यात तांबे शेकडा वीस-पंचवीसपर्यंत गेलेले असते; मग ते भट्टीकडे रवाना होते. दगड पाण्यावर तरंगवण्याची ही किमया ऐकून आमच्यापैकी एकाला इंद्रायणीतल्या वह्या आठवल्या. तो शांतपणे म्हणाला, "सर, तरंगतं ते थोडंसंच. खाली बसतं ते बाकी सगळं. ते कुठं ठेवायचं, हा मोठा प्रश्न असतो."

खाली बसलेल्या त्या बारीक गाळासाठी बंधारे घालतात. गंधकयुक्त खनिजाला हवा आणि पाणी मिळाले की आम्ल तयार होते, आणि ते ओढ्यांत उतरू नये म्हणून खाण चालू असेतोवर आणि बंद झाल्यावरही राखण करावी लागते. तांब्याच्या प्रत्येक खाणीमागे जगभर ही राखण लागते. दान देताना निधी आणि ठेवींची यादी करणाऱ्या राजाला अशा ठेवीची कल्पना नसावी.

संध्याकाळी त्याने आम्हांला नमुन्यांच्या पेट्या ठेवतात त्या शेडमध्ये नेले. आमच्या या प्रवासात मनात राहिली ती ही जागा. लांब, पन्हाळीसारखे कप्पे असलेल्या पेट्या एकावर एक रचलेल्या. प्रत्येक कप्प्यात खडकाच्या दंडगोल कांड्या, जमिनीत होत्या त्याच क्रमाने. करडा ग्रॅनाइट, मग गुलाबी, मग पांढरीशुभ्र गारगोटी, तिच्यात पिवळ्या खनिजाची नक्षी. शेकडो मीटर खोली एका खोलीत आडवी घातलेली. मधूनमधून कांड्यांच्या जागी लाकडाचे ठोकळे होते आणि त्यांवर रंगाने आकडे लिहिले होते.

"हे काय?" आम्ही विचारले.

"कोअर लॉस, सर. ड्रिल करताना कधी कधी खडक भुगा होतो, वर येतच नाही. मग तेवढ्या जागी ठोकळा ठेवायचा. इतक्यापासून इतक्यापर्यंत मिळालं नाही, असं लिहायचं. दुसरीकडचा तुकडा आणून तिथं लावायचा नाही. तसं केलं तर सगळी पेटीच खोटी होते."

आम्ही त्याच्या आजीविषयी विचारले ते तेथेच, त्या पेट्यांमध्ये उभे राहून. आधी धीर झाला नव्हता.

"आजी जाऊन सहा वर्षं झाली," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर आम्हांला सोपे गेले असते.

त्या वर्षी विषय नाकारला नसता तर तुझे शिक्षण पुरे झाले असते का, असे आम्ही विचारले. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "शिक्षणाचं नाही सांगता येत, सर. बाप आजारी होता, कमवायचंच होतं. पण वही भरली असती."

असो. या वाक्यावर आम्ही पुष्कळ बोलू शकू, पण बोलणार नाही.

रात्री त्याच्या खोलीवर त्याने आजीची एक गोष्ट सांगितली. डोंगराचीच. आमच्यापैकी एकाने लिहून घेतली. अर्ध्यावर आल्यावर तो थांबला. "इथून पुढं आठवत नाही. शेवट आठवतो, मधलं नाही." भाषेच्या माणसाची खोड मोठी वाईट. आमच्यापैकी दुसऱ्याने लगेच सुचवले, की अशा कथांत बहुधा अमुक घडते. अन्य प्रांतांतल्या कथांवरून मधला दुवा जुळवता येईल. त्याने आमच्याकडे पाहिले आणि हसून एवढेच म्हटले, "सर, ठोकळा ठेवा."

आम्ही तेवढी जागा कोरी सोडली आणि तिच्या वर आणि खाली एकेक रेघ ओढली. अशा तीन गोष्टी त्या रात्री मिळाल्या. तिघींतही ठोकळे आहेत. एकीत तर गोष्टीपेक्षा ठोकळेच अधिक. इकडची गोंडी आमच्याकडच्यापेक्षा निराळी, पण समजते, असेही तो सांगत होता. बैहरच्या बाजारात एका म्हातारीकडून त्याने एका गोष्टीचा आरंभ जवळजवळ तसाच ऐकला होता. तो पुढे विचारीत जाणार आहे. त्या गोष्टी येथे देत नाही. त्या आमच्या नाहीत, आणि त्याने दिलेल्या परवानगीत प्रसिद्धी येत नाही.

परतल्यावर विभागाच्या बैठकीत आम्ही एक छोटासा ठराव मांडला. मराठी ज्या भाषांच्या शेजारी राहते त्या भाषांतले, किंवा दोन भाषांच्या सरमिसळीतले मौखिक साहित्य हा लघुशोधप्रबंधाचा विषय म्हणून मान्य करावा. संकलन मूळ बोलीत, विवेचन मराठीत. सहकाऱ्यांनी थोडी चर्चा केली आणि ठराव मान्य झाला. यात शौर्य काहीच नव्हते. नऊ-दहा वर्षांपूर्वीही असाच अर्धा तास लागला असता. यंदा एक मुलगी तिच्या आजोबांच्या कोलामी गाण्यांचे ध्वनिमुद्रण करते आहे. आम्ही तिला घाई करावयास सांगितले आहे. प्रबंधाची मुदत लांबची आहे, पण आजोबांचे वय ऐंशीच्या पुढचे आहे.

व्युत्पत्तीच्या तासाला फळ्यावर आम्ही अजूनही दोन रकाने आखतो. तांब्याच्या रकान्यात शब्द लिहून झाले की वाशीमच्या ताम्रपटाकडे वळतो, आणि आता तो जुना प्रश्न आम्हीच वर्गाला विचारतो. गाव दान दिले तेव्हा गावातल्या माणसांना विचारले होते का? उत्तर अजूनही तेच आहे. ताम्रपटात तशी नोंद नसते. मात्र आता त्या ठिकाणी आम्ही थोडे थांबतो आणि विद्यार्थ्यांना वहीत चार ओळींची जागा सोडायला सांगतो.